शनिवारची मिस्सा रविवारला चालते का?

मे महिन्यात येणाऱ्या पत्रांत निम्मी आंब्यांची असतात आणि निम्मी सासऱ्यांची. आंब्यांच्या पत्रांना मी उत्तर देत नाही, कारण लोणच्यात मोहरी किती घालायची ते ज्याचं त्याचं घर ठरवतं. सासऱ्यांच्या पत्रांना मात्र उत्तर द्यावं लागतं. आजचं पहिलं पत्र मिस्सेचं, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या चर्चमधल्या उपासनेचं.

प्रिय बाई, मी मूळची वेंगुर्ल्याची. लग्न होऊन वसईला आले त्याला नऊ वर्षं झाली. दर मे महिन्यात आम्ही सगळे दोन-तीन दिवस फिरायला जातो, सासरेही बरोबर असतात, आणि दर वेळी निघायच्या आधी वाद होतो. सासरे ७८ वर्षांचे आहेत. मिस्सा रविवारीच आणि सकाळीच झाली पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. शनिवार संध्याकाळची ते मानत नाहीत. यंदा शुक्रवारी निघून अलिबाग-रेवदंड्याला जायचं घाटतंय. नवरा म्हणतो, "बाबांना तूच समजाव." मुलं म्हणतात, फिरायला गेल्यावर पण चर्च कशाला? शनिवारची मिस्सा खरंच चालते का? आणि मी ऐकू कुणाचं? — एक सून, वसई

चालते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

चर्चचा कायदा १९८३ साली नव्यानं आला. त्याच्या १२४८व्या कलमात लिहिलंय की रविवारी किंवा आदल्या संध्याकाळी मिस्सेला हजर राहिलं की रविवारचं कर्तव्य पार पडलं. मिस्सा आपल्याच पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमध्ये, ऐकली पाहिजे असंही नाही, कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये चालते. यात पळवाट काही नाही. देवाधर्माचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो ही मोजणी फार जुनी आहे. उत्पत्तीचा पहिला अध्याय काढून बघ, तिथं आधी संध्याकाळ होते, मग सकाळ, आणि मग पहिला दिवस भरतो. सासऱ्यांना दाखला द्यायचाच असेल तर घरातला दे. पास्काच्या जागरणाची मिस्सा कधी असते? शनिवारी रात्री. ती ऐकून आल्यावर ते "आज ईस्टर झाला नाही" असं म्हणतात का?

तरी त्यांना पटणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते. ७८ वर्षांचा माणूस म्हणजे लहानपणी लॅटिन मिस्सा ऐकलेला माणूस. फादर वेदीकडे तोंड करून उभे, आणि आमच्या वयाची पोरं "एत कुम स्पिरितू तुओ" घडाघडा म्हणायची, अर्थ एकालाही ठाऊक नसायचा. मग व्हॅटिकनची परिषद झाली, मिस्सा मराठीत आली, फादर आमच्याकडे वळले, उपवास सैल झाले. एवढं सगळं बदललं, रविवारची सकाळ तेवढी राहिली. ती त्यांनी धरून ठेवली असेल तर ठेवू दे. त्यांना समजावून सांगणं हे तुझं काम नाही.

आता येते तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या एका वाक्यावर, मला खटकलं ते तेच. "बाबांना तूच समजाव." का बरं? बाबा कुणाचे? सहलीतला रविवार कसा जातो ते मी न बघताही सांगू शकते. साडेपाचला तू उठतेस. लॉजवाल्याकडे गरम पाण्याची बादली तू मागतेस. धाकट्याचा पांढरा शर्ट पिशवीत चुरगळलेला असतो, तो ओल्या हातानं सरळ तू करतेस. सासऱ्यांच्या गोळ्या, बिस्किटाचा पुडा, दानपेटीत टाकायला सुटे पैसे, सगळं तुझ्याच पर्समध्ये. बाकीच्यांची मिस्सा चर्चच्या दारात सुरू होते, तुझी साडेपाचला. चर्चनं हलकं केलेलं आपण घरी जड करतो आणि ते एकाच बाईच्या डोक्यावर ठेवतो. मीही वाहिलंय, म्हणून बोलते.

१९८९चा मे. मी, हे, सासूबाई, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. रायगडातल्या एका किनाऱ्यावरच्या गावी ह्यांच्या मित्राकडे उतरलो होतो. चर्च तिथून तीन किलोमीटर. मिस्सा आठला, हे मी ठरवून टाकलं, कुणालाही न विचारता. का, तर आमच्याकडे आठला असते! पहाटे उठून पाच जणांची तयारी केली, रिक्षा मिळवली, पावणेआठला पोचलो, तर माणसं चर्चमधून बाहेर पडत होती. उन्हाळ्यात तिथली मिस्सा साडेसहाला. आत एक बाई वेदीसमोरच्या लादीवरचे मेणाचे थेंब सुरीनं खरवडत होती. तो कर्रकर्र आवाज माझ्या अजून कानात आहे. हे माझ्याकडे बघेनात. मी रडकुंडीला आले.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी काळी छत्री मिटवली, लाल लुगड्याचा काष्टा सावरला, पायरीवर बसल्या आणि कनवटीची माळ काढली. "वाच ग," मला म्हणाल्या. माझ्याकडे पुस्तक होतं. मी त्या रविवारचं शुभवर्तमान वाचलं. त्यांनी माळेचं एक दशक, म्हणजे दहा मण्यांच्या प्रार्थना, सांगितलं. दशकाच्या मध्यावर धाकट्यानं शी लागल्याचं जाहीर केलं, ह्यांनी त्याला उचलून मागच्या माडांत नेलं, आणि परत येईपर्यंत सासूबाई "पवित्र मरिये"वर थांबून राहिल्या. दोघं आले, उरलेलं पूर्ण झालं. मग म्हणाल्या, "झालं. आता पोरांना पाण्यात न्या."

त्याच १२४८व्या कलमाचा दुसरा भाग मी पुढं पंधरा वर्षांनी एका शिबिरात ऐकला. मिस्सेला जाणं शक्यच नसेल तर एकट्यानं किंवा घरच्यांनी मिळून प्रार्थनेत वेळ घालवावा, असं त्यात लिहिलंय. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. आणि हीच बाई शनिवारची मिस्सा शेवटपर्यंत "अर्धी" म्हणायची! तेव्हा तुझ्या सासऱ्यांबद्दल मी फार आशा दाखवत नाही.

मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. गुरुवारी नवऱ्यानं (तू नव्हे) तिकडच्या पॅरिशला फोन करून विचारायचं, शनिवारी संध्याकाळी मिस्सा आहे का, रविवारची किती वाजता, कुठल्या भाषेत. शनिवारची असेल तर तू आणि मुलं तिला जा. रविवारी सकाळी सासऱ्यांना त्यांच्या मुलानं रिक्षानं घेऊन जावं. बापलेकांनी जावं, बापलेकांनी यावं, येताना पाव आणावेत. तू झोप.

लाँचनं जाणार असाल तर लवकरची तारीख धरा. गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते, आणि मेअखेर समुद्र खवळायला लागला की म्हाताऱ्या माणसाला त्या फळीवरून चढवणं म्हणजे परीक्षा. शिवाय एवढे जाताय तर सासऱ्यांना खाडीपलीकडं कोर्लईला न्या. डोंगरावरच्या किल्ल्यावर चढता येणार नाही त्यांना, पण पायथ्याच्या गावात मौंट कार्मेल माउलीचं चर्च आहे, आणि तिथले ख्रिस्ती लोक आपसात एक वेगळीच बोली बोलतात, पोर्तुगीजमधून आलेली. ते तिला "नो लिंग" म्हणतात, म्हणजे आमची भाषा. आपली वसई १७३९ला चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतली आणि पुढच्याच वर्षी तो मुलूखही मराठ्यांकडे आला. पण आपण मराठीत आणि सामवेदी बोलीत राहिलो, आणि त्या एका गावानं ती बोली जपली. वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्च बघत मोठ्या झालेल्या माणसाला हे ऐकायला आवडेल. रविवारच्या वादाला तेवढीच सुट्टी.

मुलांचं "फिरायला गेल्यावर पण चर्च कशाला" हे मात्र मला मान्य नाही. फिरायला गेल्यावरच तर मजा. आम्ही एकदा गोव्यात कोंकणी मिस्सेला बसलो होतो. मुलगी तेव्हा दहा वर्षांची, अर्धा तास कंटाळून पाय हलवत होती. मग सगळे उभे राहून म्हणायला लागले, "आमच्या बापा, सर्गींच्या, तुजें नांव पवित्र जांव", आणि तिनं माझा हात ओढला, "आई, हे आपलंच आहे!" घरी रोज म्हणतो ती प्रार्थना तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मुलांना नियम सांगू नकोस. नवं चर्च कसं असतं ते बघायला चला म्हण.

बाई, आम्ही शुक्रवारी दुपारी मालवणला पोचतोय. सुरमईची थाळी खाल्ली तर चालेल का? ह्यांचं म्हणणं शुक्रवारी शाकाहारच करायचा. — पालघर

चर्चचा शुक्रवारच्या त्यागाचा नियम मांसाचा आहे, माशांचा नाही. कोंबडी, मटण, डुकराचं टाळायचं. सुरमई, बांगडा, कोळंबी यांना कुणी अडवलेलं नाही. तेव्हा खुशाल खा, आणि जूनच्या आत जाताय हे बरं, १ जूनपासून मासेमारी बंद. फक्त तळलेली सुरमई आणि वर सोलकढी ओरपून "आज त्याग केला" असं म्हणू नका. कोकणातल्या माणसाचा त्याग मासा सोडण्यात आहे, हे मिस्टरांचं म्हणणं मनातून मला पटतं. त्यांना कुळथाची पिठी आणि भात मागवा. मालवणात तीही झकास मिळते.

प्रिय बाई, मे महिना मरियामातेचा, म्हणून आमच्याकडे रोज रात्री आठला रोजरी, म्हणजे माळेची प्रार्थना, असते. मुलगा १६ वर्षांचा आहे, दहावीची परीक्षा देऊन बसलाय. यंदा तो यायलाच तयार नाही. आला तर भिंतीला टेकून डोळे मिटून बसतो. मी मोबाईल काढून घेतला, त्यावर दोन दिवस जेवला नाही. माझ्या माहेरी आम्ही गुडघ्यांवर बसून म्हणायचो. काय करू? — एक आई, निर्मळ

आधी मोबाईल परत द्या. मग घड्याळ घेऊन बसा.

एक माळ म्हणजे पाच दशकं आणि सुरुवातीचे तीन मणी, मिळून त्रेपन्न "नमो मरिया". सावकाश म्हटली तरी वीस मिनिटांत होते. तुमच्याकडे किती वेळ चालते ते मोजा. मी आमच्याकडे एकदा मोजलं होतं, बावन्न मिनिटं! माळ वीस मिनिटांची, आणि तिच्या मागं लदीन (मरियेच्या नावांची आळवणी), संत जोसेफची प्रार्थना, मेलेल्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, दुबईतल्या पुतण्याच्या नोकरीसाठी, पावसासाठी, वर एक गाणं. दर वर्षी एक डबा जोडला जातो, जुना कुणी काढत नाही. पोरगं रोजरीला कंटाळलंय की मालगाडीला, हे आधी बघा.

आणि आठ ही वेळ कुणी ठरवली? साडेसातला आयपीएलची मॅच सुरू होते. पावणेसातला म्हणा, सव्वासातला उठा. माता मरिया मॅचवर रागावणार नाही. तुमच्या माहेरी आठची वेळ होती, कारण तुमचे वडील शेतावरून येऊन अंघोळ करेपर्यंत तेवढे वाजायचे. तुमचा मुलगा कुठं केळीला पाणी लावून येतोय?

त्याला एक दशक सांगायला द्या, ऐकायला नको. सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या मागं मागं म्हणायचा राग येतो. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं, म्हणजे माळ म्हणताना मनात आणायचे ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग, त्याच्याकडे सोपवा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती २००२ साली घातली, तुमच्या-माझ्या लहानपणी नव्हती, म्हणजे "माझ्या माहेरी असं होतं" हे तुम्हाला तिथं बोलता येणार नाही. बसू दे भिंतीला टेकून. गुडघे टेकायची सक्ती माळेला नाही.

घरात जमलं नाही तर गावातल्या क्रूसाजवळ पाठवून बघा. मे महिन्यात आमच्या आळीतला क्रूस धुऊन चुना काढतात, माळा सोडतात, आणि प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात, खोबऱ्याचे तुकडे घातलेले. माझा मुलगा त्या वयात शेवटच्या "आमेन"ला पोचायचा, थेट पातेल्यापाशी. मी खूप बोलायचे. आज चाळिशी ओलांडल्यावर चणे वाटायला तोच उभा असतो, आणि उशिरा येणाऱ्या पोरांना एक मूठ जास्त घालतो. तो रोज प्रार्थना म्हणतो का ते मी विचारलेलं नाही.

नमस्कार बाई. आम्ही हिंदू. शेजारच्या डिसोजांच्या मुलीची पहिली कम्युनियन पुढच्या रविवारी आहे, सहकुटुंब बोलावलंय. चर्चमध्ये कधी गेलो नाही. चपला काढायच्या का? सगळे उठून प्रसाद घ्यायला गेले की आम्ही काय करायचं? भेट काय द्यावी? — सावंतवाडी

बोलावलंय ना, मग निर्धास्त जा. चपलांचं गावागावांत वेगळं असतं. दारात ढीग दिसला तर काढा, नाही तर तशाच राहू द्या. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही बसून राहिलात तरी कुणी वाईट वाटून घेणार नाही.

कम्युनियनच्या रांगेचं मात्र नीट लक्षात ठेवा. तो देवळातल्यासारखा सगळ्यांना वाटायचा प्रसाद नाही. आमच्या श्रद्धेप्रमाणे ते ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि तयारी करून, पापांची कबुली देऊन आलेल्या कॅथलिकांनीच ते घ्यायचं असतं. ही पोरगीही त्यासाठी कितीतरी रविवार धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसलेली असणार. तेव्हा तुम्ही जागेवर बसून राहा, आणि आत बसलेल्याला जायला वाट द्या. तुमच्या लहानग्यानं "मला पण" म्हणून हात पुढं केला तर त्याला हळूच मांडीवर घ्या. आमच्या वर्गातली एक मुलगी अशीच मैत्रिणीच्या मागं रांगेत जाऊन उभी राहिली होती. फादरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि ती गावभर सांगत सुटली की मला सगळ्यांपेक्षा वेगळं मिळालं.

भेट म्हणाल तर माळ, पदक, बायबल हे सगळं तिला मामा आणि गॉडमदरकडून डबल-टिबल येणार. तुम्ही रंगपेटी द्या, नाही तर गोष्टींची पुस्तकं. पांढऱ्या झग्यातली ती पोर चर्चमधून बाहेर आली की तुमच्या मुलांबरोबर तिचा एक फोटो तेवढा काढा.

बाई, माझ्या नातवाची पहिली कम्युनियन या महिन्यात आहे, मिस्सा सकाळी साडेनऊला. मी त्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवणार म्हटलं तर सून भांडते. तिचं बरोबर की माझं? — एक आजी, वसई

सुनेचं. कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही, एवढाच नियम आहे, आणि तोही १९६४ पासून. पाणी आणि औषध त्यात मोडत नाही. साडेनऊची मिस्सा म्हणजे कम्युनियन व्हायला सव्वादहा तरी वाजतील. सात-साडेसातला त्याला पोटभर खाऊ घाला.

तुमचं कुठून आलं तेही मला माहीत आहे. पूर्वी मध्यरात्रीपासून उपास असायचा. १९५७ साली तो तीन तासांवर आला. माझी पहिली कम्युनियन १९६०ची, म्हणजे नियम बदलून तीन वर्षं झाली होती, पण आमच्या आईपर्यंत ती बातमी पोचलीच नव्हती. किंवा पोचली असेल आणि तिनं मानली नसेल. रात्री झोपताना तिनं माठावर उलटी परात ठेवली आणि परातीवर वरवंटा, मी झोपेत उठून पाणी पिऊ नये म्हणून. मेचा उकाडा, अंगात नवा खरखरीत झगा, डोक्याला जाळी. सगळ्या मुली चालत वेदीकडे निघाल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. पडले नाही, पुढच्या मुलीचा झगा धरून उभी राहिले. त्या दिवशी जिभेवर काय ठेवलं ते मला आठवत नाही. घरी आल्यावर आईनं हातात दिलेलं ताडगोळ्यांचं भांडं आठवतं.

नातवाला पाणी द्या. आणि चर्चमध्ये बाटली सुनेजवळ असू द्या.